माहेर नावाची ट्यून

भावोजी मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि ड्रायव्हरच्या शेजारची सीट रिकामी होती. भिंगरीने दोनदा सांगून पाहिलं, "पुढे या की, मागे मान अवघडेल." भावोजींनी चष्म्यावरून बघितलं. "ती जागा परीक्षकांची. आम्ही आपले कारकून," असं म्हणून त्यांनी केबलचं टोक पुढे केलं. "खोच."

भिंगरीने ते स्टिअरिंगखालच्या खोबणीत खोचलं आणि चावी अर्धी फिरवली. त्याचं खरं नाव आता फक्त लायसन्सलाच ठाऊक. लहानपणी ताईने या एका जागी न बसणाऱ्या भावाचं नाव भिंगरी ठेवलं ते ठेवलंच. कानशिलं पांढरी झाली तरी टायरच्या दुकानात गिऱ्हाइकंही त्याच नावाने हाक मारतात. चाकांचं अलाइनमेंट करणं हा त्याचा धंदा. टायरची झीज बघून गाडी कुठल्या बाजूला ओढते ते तो चहा संपायच्या आत सांगतो. स्वतःच्या ओढीचं मात्र त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं असतं असं वाटत नाही.

गाडी दिसायला जुनी, छोटी, कोपऱ्यावरून भाजी आणायला काढावी अशी. पण बॉनेटखाली तिचं मूळ इंजिन नव्हतं. तिथे मोठ्या गाडीचं इंजिन होतं, त्याला टर्बो, खाली कडक स्प्रिंगा आणि रुंद टायर. असं इंजिन नुसतं आणून बसवलं म्हणजे झालं, असं नसतं. पेट्रोल किती ओतायचं, ठिणगी कधी टाकायची, पाय एवढा दाबला तर किती धावायचं, हे सगळं इंजिनाच्या छोट्या कॉम्प्युटरला कुणीतरी शिकवावं लागतं. त्या शिकवणीला म्हणायचं ट्यून. गाडी तीच, पण ट्यून बदलली की तिचा स्वभाव बदलतो. आणि गाडीत एका वेळी एकच ट्यून राहते. नवी घातली की जुनी पुसली जाते.

इथेच तर सगळं घोडं अडलं होतं.

आठवड्यापूर्वी ताईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "भिंगरी, एकदा मला घाटावर नेशील? कितीतरी वर्षं झाली रे." भिंगरीला आनंद झाला आणि आश्चर्यही वाटलं, कारण ताईची नजर गेल्या दोन वर्षांत जवळजवळ गेलीच होती. उजेड-अंधार कळायचा, दारात माणूस उभा आहे एवढं कळायचं, बाकी धुकं. दिसत नाही तर घाटावर जाऊन करणार काय, हे नशिबाने त्याच्या जिभेवरच राहिलं. दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन निघाला. पहिल्या वळणावर तिने दाराची कडी धरली. दुसऱ्या वळणानंतर गाडीने नेहमीसारखी मागून लाथ घातली, तशी ताई पांढरीफटक पडली. त्याने गाडी कडेला घेतली. ताई दार उघडून खाली वाकली, सकाळचा सगळा चहा बाहेर पडला. तोंड पुसत ती म्हणाली, "घरी चल." घरी पोचल्यावर दार लावताना म्हणाली, "तुझी चूक नाही रे. माझंच वय झालं."

त्याच संध्याकाळी तो भावोजींच्या घड्याळाच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"भावोजी, तुमची जुनी ट्यून घाला. माहेर."

भावोजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "कुठे आहे ती?"

"तुमच्याकडे असेल ना."

"माझ्याकडे कशी असेल? ती गाडीत होती."

आता माहेर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यापाशीच आहे.

हे इंजिन दोघांनी मिळून बसवलं होतं. भावोजींचा हात घड्याळांवर बसलेला, त्यामुळे बारकाव्याचं काम त्यांचं. ट्यून ते करत. चाकं, स्प्रिंगा, ब्रेक भिंगरीकडे. आणि पारख ताईकडे. दर रविवारी तिघं घाटात यायचे. भिंगरी चालवायचा, भावोजी मागे, ताई पुढे विणकाम घेऊन. कुठली ट्यून घातली आहे ते तिला सांगायचं नाही, असा नियम होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तिने विणत जायचं. गाडी जोरात गेली तरी तिची हरकत नसायची; वळणात अंग रेलून ती खुशाल सुया चालवायची. पण गाडीने कुठे आचका दिला, कुठे उगाच उसळी मारली, की टाका सुटायचा. मग ती सुई वर धरून जाहीर करायची, "सुटला!" की ती ट्यून नापास. भावोजी तिथल्या तिथे लॅपटॉपवर काहीतरी खालीवर करायचे, आणि पुन्हा खालून सुरुवात. गाडी विणकामावर जोखणारे दुसरे लोक या भूतलावर असतील असं वाटत नाही. पण एकदा टाका न सुटता ती माथ्यावर पोचली की त्या दिवशीची ट्यून खरोखरच अशी असायची की भिंगरीलाही वर आल्यावर कळायचं, आपण केवढ्या वेगाने आलो.

ट्यूनची नावं ताईच ठेवायची. एकीचं नाव सासूबाई, कारण पाय ठेवला की ती आधी विचार करायची, द्यावं की न द्यावं. आणि जिच्यात कधीच टाका सुटला नाही तिचं नाव माहेर. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, घर विकलं गेलं होतं. "आता तुझी ही गाडी म्हणजेच माझं माहेर," असं ती एकदा हसत म्हणाली होती. भिंगरीने ते थट्टेवारी नेलं.

पुढे घाटात रविवारी येणारी दुसरी मंडळी भेटली. अंगावर रुंद पट्टे रंगवलेल्या, मोठ्या आवाजाच्या गाड्या. त्यांच्यातल्या एकाने भिंगरीच्या शेजारी विणत बसलेली ताई बघितली आणि विचारलं, "काय, स्वेटर कधी तयार होणार?" सगळे हसले. भिंगरीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. महिन्याभरात तो गाडी घेऊन मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या ट्यूनरकडे गेला. तिथे जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर गाडी पळवून ताकद मोजतात. आकडा पडद्यावर आला तेव्हा भिंगरीने त्याचा फोटो काढला. स्वतःची ट्यून घालण्यापूर्वी ट्यूनरने विचारलं होतं, "जुनी काढून ठेवू का?" आणि भिंगरी म्हणाला होता, "कशाला?"

एवढंच. एका शब्दात काम झालं.

परत आल्यावर भावोजींनी तेच विचारलं. जुनी पुसली हे ऐकल्यावर त्यांनी फक्त "बरं" म्हटलं. त्यांनी शेवटचे बदल रस्त्यावर, गाडीतच केले होते. त्यांच्या जुन्या लॅपटॉपने मान टाकली होती. आणि गाडी घरातलीच, मग आणखी कुठे जपून ठेवायची ट्यून? ताई त्या नव्या ट्यूनमध्ये एकदाच बसली. अख्खी ओळ उसवली. "हे तर जावईबापू," ती उतरताना म्हणाली. "आधी ढिम्म बसून राहतात, आणि मग एकदम सगळं पाहिजे." भिंगरीही हसला. पुढच्या रविवारी ताईला काहीतरी काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग त्याने विचारणं सोडून दिलं. हौस फिटली असेल बाईची, असं त्याला वाटलं.

आज दोघं पायथ्याशी गाडी लावून बसले होते ते यासाठी. भावोजींनी गाडीतली जावईबापू या वेळी आधी लॅपटॉपवर काढून घेतली होती आणि चार दिवस खपून आठवणीतून सासूबाई आणि माहेर पुन्हा उभ्या केल्या होत्या. पण आठवणीवर त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून तिन्ही ट्यून पाठोपाठ चालवून बघायच्या: सासूबाई, जावईबापू आणि ही नवी-जुनी माहेर.

सासूबाईंपासून सुरुवात झाली. गाडी शहाण्यासारखी निघाली, पण चढ लागला तशी दमली. भिंगरीला सारखा गिअर खाली टाकावा लागत होता आणि प्रत्येक वेळी गाडी मान हलवत होती. जावईबापूंना तर तो कोळून प्यायला होता. पाय दाबायचा, वाट बघायची, आणि मग पाठीत धपाटा. इतकी वर्षं त्या धपाट्यालाच तो वेग समजत आला होता. मागे बसलेल्या भावोजींचा लॅपटॉप दोनदा घसरला.

मग माहेर घातली. ट्यून चढत असताना पंखा, दिवे, सगळं बंद ठेवावं लागतं, कशाला हात लावायचा नाही. पडद्यावरची पट्टी भरली. भिंगरीने स्टार्टर मारला, आणि पहिल्या चढावरच त्याने कान टवकारले. हाच तो आवाज. खालपासून वरपर्यंत एकसारखा, कुठे घाई नाही, कुठे आढेवेढे नाहीत.

"भावोजी! जमली!"

"थांब." भावोजी गाडी थांबवून उतरले आणि पुढच्या सीटवर येऊन बसले. पिशवीतून त्यांनी लोकरीचा गुंडा आणि सुया काढल्या. त्यावर अर्धवट विणलेलं काहीतरी होतं.

भिंगरी बघतच राहिला. "हे कधीपासून?"

"तिची नजर गेली तेव्हापासून. ती विणते हाताच्या अंदाजाने, पण सुटलेला टाका तिला सापडत नाही. उचलून द्यायला घरात दुसरं कोण आहे?" त्यांनी बोटाला धागा गुंडाळला. "माझा हात तिच्याइतका चालत नाही. पण सुटला तर कळतं. चल."

तिसऱ्या वळणाआधीच पहिला टाका सुटला. पुढे दुसरा. अर्ध्या घाटात पाच-सहा.

"म्हणजे नाही जमली," भिंगरी हिरमुसून म्हणाला. "तुमची आठवण कुठेतरी चुकली."

भावोजी सुया मांडीवर ठेवून त्याच्या पायाकडे बघत होते. मग म्हणाले, "पुन्हा चालव बरं. बूट काढून."

भिंगरीने बूट काढून मागे टाकले आणि गाडी काढली. भावोजी विणत नव्हते, नुसते त्याच्या पायाकडे बघत होते.

"ट्यून तीच आहे," शेवटी ते म्हणाले. "चुकला आहे तो तुझा पाय. पूर्वी तू पाय ठेवायचास. आता मारतोस. इतकी वर्षं त्या जावईबापूला जागं करायला लाथा घालाव्या लागल्या, ती सवय लागली. मी माहेर केली होती ती तुझ्या तेव्हाच्या पायाला धरून. तो पाय मी कुठून आणू?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर भिंगरीला बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस दुकान लवकर बंद करून दोघं घाटात येत राहिले. भिंगरी अनवाणी चालवायचा, भावोजी विणायचे. शिकाऊ पोरासारखं "हळू, हळू, अंगठ्याने, टाचेने नाही" हे ऐकून घेताना त्याचे कान लाल व्हायचे. मोठ्या आवाजाच्या गाड्या हॉर्न वाजवत बाजूने निघून जायच्या. त्यातल्या एकाने काच खाली करून विचारलंही, "अरे, आता म्हाताराही विणायला लागला?" भिंगरीने त्याला हात केला आणि जाऊ दिलं. सुटणाऱ्या टाक्यांची संख्या हळूहळू कमी झाली. एका संध्याकाळी भावोजींनी सुया गुंडाळून पिशवीत टाकल्या आणि म्हणाले, "उद्या तिला घेऊन ये. मला विचारशील तर पास. पण परीक्षक मी नाही."

दुसऱ्या दिवशी ताईला गाडीत बसवताना भिंगरीचा जीव टांगणीला लागला होता. तिने डॅशबोर्डवरून हात फिरवला, पट्टा लावला, पिशवीतून सुया काढल्या. भावोजी मागे.

"कुठली आहे?" तिने विचारलं.

"सांगायचं नाही असा नियम आहे," भावोजी म्हणाले.

गाडी निघाली. पहिलं वळण. भिंगरीचं अर्धं लक्ष रस्त्यावर होतं आणि अर्धं कानात, सुयांच्या टकटकीकडे. टकटक चालू होती. दुसरं वळण, जिथून बाहेर पडताना त्या दिवशी गाडीने लाथ घातली होती, तिथे त्याचा पाय थोडा अडखळला.

"सुटला एक," ताई म्हणाली. "गाडीचा नाही. तुझा. धसका घेतलास होय?"

"मी उचलतो तो नंतर," मागून भावोजी म्हणाले. "चालू दे."

त्यापुढे टकटक थांबली नाही. चढ संपत आला, झाडी मागे पडली. गाडी रेलत होती, उठत होती, वेग चांगलाच होता, आणि ताईचं डोकं सीटला आरामात टेकलेलं होतं. तिने हात न थांबवता म्हटलं, "ही माहेर आहे."

"हो."

"पुसली होतीस ना?"

"भावोजींनी परत केली."

ओळ संपली तशी तिने विणकाम फिरवून दुसरी सुरू केली. मग म्हणाली, "मला तेव्हा वाटलं होतं, तुला माझं ओझं झालं. तोंडावर सांगता येईना म्हणून गाडीच अशी करून आणलीस. म्हणून मी आपली कामं काढली. वाईट वाटलं रे मला, फार वाईट वाटलं. पण म्हटलं, पोराला त्याच्या मित्रांत मिरवू दे."

"तसं नव्हतं गं, ताई."

"नव्हतं तर विचारायचं होतंस. एकदा तरी."

त्याने विचारलं नव्हतं, हेच खरं होतं.

माथ्याजवळच्या वळणावर रस्ता डोंगराआडून बाहेर येतो आणि एका अंगाला सगळी दरी उघडी पडते. तोंडावर वारा आला तशा ताईच्या सुया थांबल्या. "आलो ना?"

"आलो."

"काय दिसतंय रे?"

भिंगरीने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला माहीत नाही. या वळणाचं त्याला सगळं माहीत होतं. खडी कुठे सांडलेली असते, रस्ता बाहेर किती झुकलाय, ब्रेक कुठल्या दगडापाशी सोडायचा. आयुष्यातले निम्मे रविवार त्याने या वळणावर घालवले होते. पण दरीकडे कोण बघतो?

"दरी आहे," तो म्हणाला. "हिरवी."

"ते तर झालंच. ते पांढरं घर आहे का अजून? मागे दोन झाडं. एक सरळ, एक वाकडं."

"आहे की," तो घाईने म्हणाला.

मागे भावोजी खाकरले. ताईने मान भिंगरीकडे वळवली. तिचे डोळे त्याच्या खांद्याच्या जरासे पलीकडे बघत होते. "तू कधी बघितलंच नाहीस, होय ना? मी दर वेळी सांगायचे. भिंगरी, बघ, भिंगरी, बघ. आणि तू म्हणायचास, खाली येताना बघू."

त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. इंजिनाचा आवाज गेल्यावर खूप शांत झालं. तो उतरून तसाच अनवाणी कठड्यापाशी गेला. ताईने तिच्या बाजूची काच खाली केली.

"घर नाही दिसत, ताई," तो खरं तेच म्हणाला. "तिथे नुसता चौथरा आहे. झाड एकच उरलंय."

"कुठलं?"

"वाकडं."

"ते राहिलं?" ताई हसली आणि तिने सुया पुन्हा हातात घेतल्या. "बरं. डावीकडून सुरू कर. सगळं सांग, काही गाळू नकोस."

भिंगरी सांगू लागला. उतारावरची शेतं, त्यांच्या कडा, पाण्याची वळलेली रेघ, त्यावरचा अरुंद पूल, पुलावर थांबलेली सायकल. एवढं सगळं इथे होतं, आणि तो ते पहिल्यांदा बघत होता. विचारणं सोडून दिल्यानंतरच्या ज्या वर्षांत ताईला हे अजून दिसलं असतं, त्या वर्षांत त्याने तिला इथे एकदाही आणलं नव्हतं. तो मध्येच थांबला तेव्हा सुयांची टकटकही थांबली.

"सांग," ती म्हणाली. "सायकलपर्यंत आलो होतो."